एफेसस ओस का पडलं?

रावपुरा_वडोदरा:
दिवाळीनंतर तुर्कस्तानला जायचं घरात ठरतंय, त्यात एफेसस आहे. सेल्ससच्या लायब्ररीचे फोटो बघूनच थक्क झालो, थिएटरमध्ये तर वीस हजारांच्या वर माणसं बसायची म्हणे. मग एवढं नांदतं ग्रीक शहर ओस कसं पडलं? आई म्हणते भूकंप झाला असणार, एका व्हिडिओत गॉथ नावाच्या जर्मानिक टोळ्यांनी लुटलं असं होतं. आणि बंदर होतं म्हणतात पण मॅपवर समुद्र तर जवळपास कुठेच नाही?

दांडियाबाजारकर:
दादा, समुद्र दिसत नाही यातच उत्तर आहे. गॉथांनी लुटलं खरं, इ.स. २६२ च्या सुमारास, आर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळ पण सोडलं नाही, भूकंपही झाले, पण शहर त्यातून सावरलं, ४३१ मध्ये तिथे मोठी ख्रिस्ती धर्मपरिषद भरली होती. घात केला तो काइस्टर नदीच्या गाळाने. आपल्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचा पूर ओसरल्यावर सयाजीगंजात चिखल कसा बसतो ते आपण बघतोच, तिथे तो शेकडो वर्षं बंदरात बसत राहिला. त्यात गॉथांच्याही खूप आधी पर्गामोन या जवळच्या राज्याचा राजा दुसरा अटालस, त्याने बांध घालून बंदराचं तोंड अरुंद करवलं, म्हणजे आत पाणी खोल राहील आणि मोठी जहाजं येतील. झालं भलतंच! आधी समुद्राचं पाणी आत-बाहेर होताना गाळ ओढून न्यायचं, आता तो आतच अडकायला लागला. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने हे लिहून ठेवलंय. पुढे रोमन बादशहा हेड्रियनने नदी वळवायचं काम काढलं, तरी गाळ काही थांबला नाही.

मांजलपूरची_ताई:
अजून एक, हे शहर आधीही एकदा हललंय. इ.स.पू. ३०० च्या आसपास लायसिमाकस राजाने नवीन जागी तटबंदी बांधली पण लोक जुनी घरं सोडेनात, मग जोराचा पाऊस आला तेव्हा त्याने गटारं बुजवली, जुनं शहर पाण्याखाली गेलं आणि लोकांना हलावंच लागलं. मला हा प्रकार फार क्रूर वाटतो. नंतर बंदराची दलदल झाली, मलेरिया आला, व्यापार गेला, तेव्हा लोक आपणहून हळूहळू आयासुलुकच्या टेकडीकडे गेले, म्हणजे आजचं सेल्चुक. त्यामुळे अमुक साली सोडलं असं सांगताच येत नाही.

रावपुरा_वडोदरा:
ताई, दादा, खूप आभार. मग तिथे बंदराची जागा बघता येते का?

मांजलपूरची_ताई:
थिएटरसमोरून बंदराकडे जाणारा सरळ रस्ता आहे, साधारण ५०० मीटरचा, त्याच्यावर त्या काळी रात्री दिवे लागायचे. तो नक्की बघा. आणि सेल्चुकच्या म्युझियमला वेळ ठेवा, आर्टेमिसच्या मूर्ती तिथे आहेत, देवळाच्या जागेवर आता एकच खांब उभा केलेला आहे.