मदत हवी आहे: टांझानियातला हिरवा पतंग नवी जाती म्हणून मांडण्याआधी काय काय तपासायचं?

हिरवी_शल्कं
ठिकाण: पूर्व उसाम्बारा डोंगर, अमानीचं राखीव जंगल, उंची सुमारे ९०० मीटर. दिव्यावर आलेले तीन नमुने, दोन नर आणि एक मादी. कुळ जिओमेट्रिडी, जीनस बहुधा प्रासिनोसायमा. पंख फिकट हिरवे, प्रत्येकावर मध्यभागी बारीक काळा ठिपका, झालर पांढरी, कपाळ विटकरी. एका नराच्या पायावरून सीओआय बारकोड (जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा, ६५८ बेस) काढला आहे. बोल्ड या बारकोडच्या ऑनलाइन संग्रहातल्या सर्वांत जवळच्या नोंदीपासून तो ३.८ टक्के दूर येतो. दुसरा नर ओलसर डब्यात मऊ करून पंख पसरल्यावर पिवळट दिसतो आहे.
एवढ्यावर नवी जाती म्हणता येईल का? पिवळट नर वेगळा धरायचा का? जेनिटालिया (जननेंद्रियांचे कडक भाग) अजून काढलेले नाहीत, तिथे नेमकं काय चुकतं?

निशाचर
पिवळट नराचं कोडं डब्यातच सुटतं. या हिरव्या पतंगांचा रंग ओलाव्याने उडतो, म्हणून त्यांचे पंख पकडल्यावर काही तासांत, कडक होण्याआधीच पसरतात. रंगावरून तो वेगळा धरू नका आणि वर्णनातला रंग फक्त ताज्या नमुन्यावरून लिहा.

३.८ टक्के हा इशारा आहे, पुरावा नव्हे. हे अंतर फक्त बोल्डवर असलेल्या जातींपासूनचं आहे. लुई प्राउट या ब्रिटिश पतंगतज्ज्ञांनी शंभरेक वर्षांपूर्वी नावं दिलेल्या कितीतरी जातींचे बारकोड तिथे नसतील. तुमचा पतंग त्यांच्यातलाच एखादा निघाला तर नवं नाव जन्मतःच समानार्थी म्हणून बाद.

तेव्हा आधी आफ्रोमॉथ्स या आफ्रिकी पतंगांच्या संकेतस्थळावरून जीनसची पूर्ण यादी काढा आणि प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा. बरीच वर्णनं नोव्हिटाटेस झूलॉजिकी या जुन्या नियतकालिकात आहेत, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात. मात्र तेव्हाच्या वर्णनांत जेनिटालियाची चित्रं सहसा नसतात, म्हणून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे टाइप नमुन्यांचे (ज्यांच्यावरून ती नावं दिली त्या मूळ नमुन्यांचे) फोटो मागावे लागतील. अमानीत १९०२ पासून जर्मन संशोधन संस्था होती, तेव्हा बर्लिनच्या संग्रहालयालाही पत्र टाका. इथिओपियातल्या प्रासिनोसायमावर २०१६ मध्ये पूर्ण आढावा आला आहे. कोणती लक्षणं मोजायची याचा नमुना म्हणून तो समोर ठेवा.

(विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, बोलण्यात मात्र प्रजाती म्हणजे स्पीशीज. धाग्यात ‘जाती’ आणि ‘जीनस’ लिहिलंत ते बरं केलंत.)

स्लाइडवाला
जेनिटालियाचं सांगतो. जिओमेट्रिडीत कानाचे अवयव पोटाच्या बुडाशी असतात, म्हणून पोट मध्येच तोडू नका. बारीक चिमट्याने बुडाशी धरून वर उचललं की अख्खं सुटतं.

पोट दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (पोटॅश) रात्रभर, किंवा गरम पाण्यात नळी ठेवून १०-१५ मिनिटं. घाई असेल तरी खळखळून उकळू नका. जास्त शिजलं की कडक भाग पारदर्शक होतात आणि मग कडाच दिसत नाहीत. पाण्यात धुवा, मऊ ब्रशने शल्कं काढा, क्लोराझोल ब्लॅकने काही सेकंद रंगवा. मादीच्या जेनिटालियातली पिशवी पातळ पडद्याची असते, रंगाशिवाय ती हरवते.

लगेच स्लाइड करू नका. आधी ग्लिसरीनमध्ये सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, कारण काचेखाली दाबल्यावर अंकस आणि सोशाय (नराच्या जेनिटालियाचे वरचे भाग) यांचा आकार बदलतो. दोन नमुन्यांतला ‘फरक’ पुष्कळदा दाबाचाच असतो. मग फॅलस (शिश्न) वेगळा काढा, व्हाल्व्ह (दोन बाजूंच्या पाकळ्या) पसरून अॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये १० मिनिटं कडक होऊ द्या आणि युपॅरलमध्ये (स्लाइडवर नमुना कायम बसवायचं राळेसारखं द्रव्य) बसवा. युपॅरल दुधाळ झालं तर पाणी राहिलंय. नराची आठव्या खंडाची खालची पट्टी फेकू नका, या गटात तिचा आकार कामाचा असतो. स्लाइडचा क्रमांक पतंगाच्या टाचणीवरही हवा.

हिरवी_शल्कं
मादीचा बारकोड नाही. पोटॅशमध्ये घातल्यावर त्याच पोटातून डीएनए मिळेल?

स्लाइडवाला
नाही, पोटॅश डीएनए मोडून टाकतो. पोट आधी प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) असलेल्या द्रावात ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. द्रव डीएनएसाठी वापरा, उरलेलं कवच जेनिटालियासाठी. मांस राहिलंच तर पोटॅशचा हलका हात पुरतो. मादीचा बारकोड नराशी जुळला, तरच तिला पॅराटाइप (मुख्य नमुन्याच्या जोडीला नोंदवलेला नमुना) करा.

निशाचर
होलोटाइप (नाव ज्याच्याशी बांधलं जातं तो एकच मुख्य नमुना) ताज्या रंगाचा नर, पण त्याचे जेनिटालिया काढलेले हवेत. तो कोणत्या संग्रहालयात, कोणत्या गावी ठेवणार हे लेखात स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर नाव ग्राह्यच नाही. जवळच्या जातींपासून फरक सांगणारा परिच्छेदही हवा. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर प्रसिद्ध होण्याआधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंद करून ती नोंद लेखातच दाखवायची. प्राण्यांच्या नामकरण संहितेतल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे आणि नावं अडकतात ती बहुतेक इथेच.

नाव गावावरून ठेवायचं तर ‘-एन्सिस’ जीनसच्या लिंगाप्रमाणे ‘-एन्से’ होऊ शकतं. षष्ठीतलं ‘उसाम्बारी’सारखं रूप बदलत नाही. जीनसमध्ये ते आधी वापरलेलं नाही ना, तेवढं पाहा. ठरवलेलं नाव इथे लिहू नका.

आणि कॉस्टेकचा (टांझानियाचा विज्ञान-तंत्रज्ञान आयोग) संशोधन परवाना, वनखात्याची परवानगी, नमुने देशाबाहेर नेण्याचा कागद हे सगळं आहे ना? परवान्याचे क्रमांक संपादक मागतात. ते नसतील तर आधी तेच मार्गी लावा, स्लाइड नंतर.