फुकट लिहितो म्हणून काहीही चालतं का?

भुसावळकर: भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर, म्हणजे बन्यावर, हौसेने गोष्ट लिहिली. फुरसुंगीचा बन्या सुट्टीत रावेरला येतो, सायकलवरून चोरांच्या मागे लागतो आणि लपायला केळीवर चढतो. मित्र म्हणाला, ‘भाऊ, केळीवर कोण चढतं?’ मी वैतागून म्हटलं, फुकटचं लिखाण आहे, एवढं काय! पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. हौशी लिखाण किती घासायचं?

केळीवाला: दादा, केळीचं खोड म्हणजे पानांचे देठच एकावर एक गुंडाळलेले, आत पाणीच पाणी. विळ्याच्या घावात आडवं होतं. पोरगा चढला तर पोरगा, खोड, घड सगळंच खाली! मी तर तिथेच वाचणं सोडलं असतं. त्याला वाळल्या पानांखाली झोपव. पाण्याच्या पाटात नको, आता बहुतेक ठिकाणी ठिबक सिंचन आहे.

धुळेकरीण: केळी मी चालवून घेतली, बोली नाही. रावेरचा तो शेतकरी ‘काय करी ऱ्हायना’ कसं म्हणेल? ती आमची अहिराणी. तिकडे लेवा बोली. शुद्धलेखनाचं जाऊ दे, माझंही चुकतं. पण बन्याचं ते ठरलेलं ‘ट्टॉक’ 4 पानांत 11 वेळा?

भुसावळकर: ताई, मोजलेत?! म्हणजे शेवटपर्यंत वाचलंत तरी. 8 काढले. बन्या आता पाचोळ्यात पडलाय, मुंग्या चावताहेत, आणि हा प्रसंग आधीपेक्षा मजेशीर झालाय. बोलीसाठी रावेरच्या मावशीला फोन लावतो. ती आधी तासभर झापेल.