शेवटच्या थांब्यावर ट्राम फिरवतात कशी?

होटगीरोड (सोलापूर): आपल्या स्टेशनात संपणाऱ्या गाडीचं इंजिन सुटतं आणि शेजारच्या लायनीने दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं. वंदे भारतला दोन्हीकडे केबिन, तिथे प्रश्नच नाही. पण भर रस्त्यातली ट्राम कशी फिरवायची? मागे बिनमोटारीचा डबा असेल तर? शाळेच्या प्रदर्शनासाठी दोन रुळांवर डीसी देऊन चालणारं मॉडेल करतोय.

सांधेवाला: कोलकात्याच्या ट्रामला केबिन एकाच टोकाला, म्हणून तिला गोल वळसा लागतो. त्याला जागा फार लागते. दोन्ही टोकांना कंट्रोलर (वेग सांभाळायचं यंत्र) असला की ट्राम फिरतच नाही, ड्रायव्हर टोक बदलतो.

आधी हँडब्रेक. मग रिव्हर्सरचा (पुढे-मागे दिशा ठरवणाऱ्या स्विचचा) दांडा मधल्या खुणेवर आणून काढायचा. तो तिथेच निघतो. कंडक्टर दोरी ओढून छतावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या खांबाचं चाक तारेवरून उतरवतो, अर्धा वळसा घालून खांब मागच्या अंगाला नेतो आणि चाक पुन्हा तारेला लावतो. तेवढा वेळ आत अंधार. खांब कायम मागे झुकलेला हवा. उलटा राहिला तर तारांच्या पहिल्याच फाट्यावर चाक निसटतं, स्प्रिंगच्या जोराने खांब उसळून आडव्या तारांवर आदळतो. मग खांब वाकतो नाहीतर तार खाली येते.

दुहेरी लायनीवर ट्राम क्रॉसओव्हर (दोन लायनी जोडणारा तिरका रूळ) ओलांडून थांबते आणि परतताना सांधा (रुळांचा फाटा) बदलून दुसऱ्या लायनीवर जाते.

लूपलाइन: डब्यासाठी तुमच्या स्टेशनातलाच प्रकार. डब्याचा हँडब्रेक आवळा, चाकाखाली पाचर द्या, मगच कपलिंग सोडा. मोटारगाडी (मोटार असलेली ट्राम) पुढच्या सांध्यापलीकडे जाते, लूपमधून (शेजारच्या लायनीने) मागे येते. त्या सांध्यापुढचा रूळ मोटारगाडीहून लांब हवा. डबा सांध्याला खेटून उभा केला तर मोटारगाडी त्याला घासते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

उतार असेल तर मोटारगाडी बाजूच्या लायनीत घालून डबा हँडब्रेकवर हळूहळू पुढे सोडत. ओल्या रुळांवर मात्र हे नको.

सांधेवाला: मॉडेलला गोल वळसा देऊ नका. रूळ फिरून त्याच लायनीला मिळाला की डावा रूळ उजव्याला चिकटतो, थेट शॉर्ट. खऱ्या ट्रामला ही अडचण नाही: वीज वरच्या तारेतून येते, परतीला दोन्ही रूळ एकच. वळसाच हवा असेल तर त्याच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापून प्लास्टिकचे जोड घाला. वळशाला वेगळं डीपीडीटी (विजेची दिशा उलटवणारं) स्विच द्या, मुख्य लायनीला वेगळं. गाडी वळशात असताना मुख्य लायनीचं उलटवायचं.

होटगीरोड: मग लूपच करतो. कपलिंग हाताने सोडावं लागेल ना?

लूपलाइन: हो. चुंबकाचं घेतलंत तर झटका न देता निघतं.