माउसने चित्र ओढताना घडी पडते, मदत हवी आहे

पायथन आणि ओपनसीव्हीत (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) टूल लिहितोय: माउसने ओढलं की चित्राचा तेवढाच भाग ताणला जावा. आधी पिक्सेल पुढे ढकलले, तर काळी भोकं पडली. मग उलटा हिशोब केला, म्हणजे नव्या जागेचा रंग जुन्या चित्रात कुठून आणायचा ते शोधून रीमॅप (त्या हिशोबाने नवं चित्र भरणारं ओपनसीव्हीचं फंक्शन). भोकं गेली, पण वाकवलेलंच पुन्हा वाकवल्याने चित्र धुरकट होत गेलं. आता मूळ चित्राला हात न लावता फक्त विस्थापनाचा नकाशा साठवतो, म्हणजे प्रत्येक जागेचा रंग किती सरकून आणायचा याची नोंद. ब्रशची (माउसभोवती ताणला जाणारा गोल) त्रिज्या ८० पिक्सेल, जीपीयू (ग्राफिक्सची वेगळी चिप) नाही. हळू ओढलं तर झकास. झटक्यात ओढलं की घडी पडते, म्हणजे चित्र स्वतःवरच दुमडतं. ओढीचे तुकडे केले तर एक तुकडा त्रिज्येच्या किती पट असावा? आणि नवं विस्थापन जुन्यात नुसतं मिळवायचं, की जुना नकाशाही सरकलेल्या जागेवरून वाचायचा?