पंडिता रमाबाई: धाडस आणि करुणा एकत्र नांदतात का?

वसईची लेक:
आमच्या मंडळीत एक वाद वरचेवर निघतो. काहींचं म्हणणं, ख्रिस्ती माणसानं मुकाट सेवा करावी, सरकार-समाजाशी भांडू नये. काहींना वाटतं, अन्याय दिसला की बोललंच पाहिजे. मला ही फारकतच पटत नाही, आणि त्याला कारण ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाई.

१८९६-९७च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. मुलींचे हाल बघून शेकडो मुली आणि विधवा सोबत आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून केडगावच्या शेतात तंबू ठोकले. इथवर सगळेच वाखाणतात. पण त्याच १८९७ साली पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची होणारी विटंबना त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. सरकारनं आरोप फेटाळले. राज्यकर्त्यांचा धर्म तोच बाईंचा, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. मुलींची कणव होती म्हणूनच हे पत्र लिहिलं गेलं, असं मला ठाम वाटतं.

पुणेरी वाचक:
धाडस शंभर टक्के मान्य. करुणेबद्दल मात्र आक्षेप आहे. १८८९ला बाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींची निवासी शाळा, निघालं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या शब्दावर. पुढे मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३त रानडे, भांडारकर यांच्यासारखी पाठीशी उभी राहिलेली माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. बालविधवा लेकीला शिकायला धाडणारा बाप त्या काळात जातीचा रोष अंगावर घेत होता. त्याची घालमेल बाईंना दिसू नये? दार लावून प्रार्थना केली असती तर काय बिघडलं असतं?

वसईची लेक:
दार उघडं होतं, पण आत बसायची सक्ती कुणावरच नव्हती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३तच धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि ती हिंदूच राहिली. घरी ज्या पोरींना चारचौघांत बसायलाही बंदी, त्यांना बाईंनी आपल्याही खोलीचं दार लावून घ्यायचं होतं का?

केडगावचा पाहुणा:
मी ख्रिस्ती आहे, आणि इथे एक गोष्ट राहून जातेय. मत्तयाचा २१वा अध्याय काढा. येशू मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकतो, आणि लगेच पुढे आंधळे-पांगळे त्याच मंदिरात त्याच्याकडे येतात, तो त्यांना बरं करतो. इतकी आदळआपट झाल्यावरही त्यांना त्याची भीती वाटली नाही. आपल्या रागाची ही कसोटी लावा. दुबळी माणसं जवळ येतात की लांब पळतात? केडगावला 'कृपासदन' होतं, समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. आज आपल्या किती चर्चमध्ये अशी बाई पहिल्या बाकावर बसू शकेल? आपण सणाला ब्लँकेटं वाटतो, फोटो काढतो, झालं. त्याला ना हिंमत लागते ना माया.

पुणेरी वाचक:
कृपासदनाबद्दल वादच नाही. गोदूबाईंचं उदाहरणही बिनतोड. पण ज्या मुली १८९३त परत गेल्या, त्यांची नावं कुणाच्या तोंडी आहेत? करुणेचा हिशेब मांडायचा तर त्यांनाही धरा.

वसईची लेक:
धरायलाच हव्यात. फक्त तो हिशेब एकट्या रमाबाईंकडे मागू नका. मुली काढून नेणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांना दुसऱ्या शाळेत घातलं, तेही विचारा.