ऑर्गनॉइडला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी एका लेखाचं भाषांतर करतेय. ऑर्गनॉइडला, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या अवयवासारख्या छोट्या गोळ्याला, मी 'लघुअवयव' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'कृत्रिम अवयव' केलं. मला दोन्ही खटकतंय. काय लिहू?

उत्तर : 'कृत्रिम अवयव' नकोच. तो शब्द जयपूर फूटसारख्या वस्तूंना चिकटलाय. ऑर्गनॉइड जिवंत पेशींचा असतो आणि बराचसा आपला आपणच आकाराला येतो. २००९ साली नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या सुट्या मूलपेशी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी तयार होतात त्या) जेलीसारख्या पदार्थात ठेवल्या, वाढीला लागणारी प्रथिनं घातली. एकेकट्या पेशीपासून आतड्याच्या अस्तरासारखी खोलगट रचना उभी राहिली. विरजण लावून भांडं झाकून ठेवावं, तसं. म्हणून क्रियापदही 'बनवला' नको, 'वाढवला' हवं.

'लघुअवयव' म्हटलं की सगळं आहे, फक्त लहान आहे असं वाटतं. लघुकथा पूर्ण कथाच असते ना! इथे मात्र स्नायू नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. रक्तच नाही, त्यामुळे गोळा फार वाढला की मधल्या पेशी प्राणवायूअभावी मरतात.

मी 'अवयवाभ' लिहीन, म्हणजे अवयवासारखा. स्फेरॉइडला आपण गोलाभ म्हणतोच.

दुसरं मत : शाळेच्या पुस्तकात मेटॅलॉइडला 'धातुसदृश' आहे, मग 'अवयवसदृश' का नको? आणि मेंदूच्या ऑर्गनॉइडला काय 'मेंद्वाभ' म्हणणार?

उत्तर : 'अवयवसदृश' विशेषण वाटतं, पुढे 'ऊती', 'रचना' असं काहीतरी जोडावं लागतं. मेंद्वाभ अर्थातच नको (उच्चारतानाच मेंदूला मुंग्या येतात). सरळ 'मेंदूचा अवयवाभ' लिहा. पण बातम्यांत येतो तसा 'लहान मेंदू' अजिबात नको, कारण मराठीत लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला, तोल सांभाळणारा भाग. २०१३ साली व्हिएन्नात मॅडलिन लँकास्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी वाढवले ते वाटाण्याएवढे गोळे होते. जन्मतः डोकं लहान असलेल्या एका रुग्णाच्या त्वचेतल्या पेशी घेऊन त्यांना मूलपेशींसारखं केलं आणि त्यांपासून गोळे वाढवले. ते लहानच राहिले. पेशींची संख्या पुरेशी वाढण्याआधीच त्यांच्या चेतापेशी होऊ लागल्या होत्या. हा आजार उंदरात अभ्यासताना हे नीट दिसत नव्हतं.

आणखी एक : आजार अभ्यासण्यासाठी वाढवलेल्या अशा गोळ्याला 'मॉडेल' म्हणतात, त्याला 'नमुना' लिहू नका. प्रयोगशाळेत नमुना म्हणजे रक्त-लघवी. 'प्रतिरूप' बरं.

प्रश्नकर्ती : आणि रीजनरेशन? मी 'पुनरुज्जीवन' लिहिलंय.

उत्तर : पुनरुज्जीवन बंद पडलेल्या योजनेचं होतं, नाहीतर मेलेल्याचं. तुकडे झाले तरी पुन्हा वाढणाऱ्या प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या धड्यातला 'पुनर्जनन' घ्या. पण २०२२ साली टोकियोत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्याच निरोगी अस्तरातून अवयवाभ वाढवून त्याच्या मोठ्या आतड्यातल्या व्रणावर बसवले, तिथे 'प्रत्यारोपण' लिहा. अस्तर नव्याने भरून येणं हे पुनर्जनन, आणि ते होईल ही आशा. भाताची लावणी झाली म्हणजे पीक आलं असं नव्हे.

प्रश्नकर्ती : 'अवयवाभ' पक्का. लिंग?

उत्तर : अवयव पुल्लिंगी, म्हणून तो अवयवाभ, ते अवयवाभ. पहिल्यांदा येईल तिथे 'ऑर्गनॉइड म्हणजे अवयवाभ' असं लिहा. संपादक पुन्हा खोडतील ते खोडोत.