पद्मिनीच्या पंपाखाली पेट्रोल ठिबकते, घरीच दुरुस्त होईल का?

आर्वीकर:
नमस्कार मंडळी. १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिनवरचा पेट्रोल पंप मूळचाच, मेकॅनिकल. रात्रभर उभी राहिली तर खाली जागा कोरडी असते. दहा मिनिटं चालू ठेवली की पंपाच्या खालच्या अंगाला थेंब धरतो. होसच्या दोन्ही क्लिपा आवळल्या, काही फरक नाही. वर्ध्यापर्यंत अशीच चालवत न्यावी का?

पुसदवाला:
भाऊ, चालवत मुळीच नेऊ नका, आणि आता सुरूही करू नका. आधी डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल, बोटांत चोळल्यावर पातळ लागत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला समजा. बाहेर दिसतो तो थेंब. बाकीचं पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलमध्ये, उतरतं. तसल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

ऑइल ठीक असेल तर पंप कापडाने कोरडा करा, खडूची पूड चोळा आणि दोन मिनिटं इंजिन चालवा. ओल कुठून सुरू होते ते पाहा. होसच्या तोंडाशी असेल तर होस बदला. पंपाच्या दोन भागांच्या सांध्यावर असेल तर स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. खालच्या भागातल्या बारीक छिद्रातून येत असेल तर डायफ्रामच. ते छिद्र त्याचसाठी ठेवलेलं असतं, एम-सील लावून बुजवू नका.

आर्वीकर:
ऑइल खुणेच्या बोटभर वर आहे आणि वासही येतो. डायफ्रामचं किट मागवतो. उघडताना काय सांभाळायचं?

दर्यापूरकर:
गाडी अंगणात मोकळ्यावर घ्या. गोठा, कडबा, चूल, तुळशीपुढचा दिवा, सगळ्यापासून दूर. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची अर्थ वायर काढा, वाळूची बादली जवळ ठेवा, उजेडाला एलईडी टॉर्चच घ्या. टाकीकडून येणारी होस काढली की तिच्या तोंडात लगेच बोल्ट खुपसा.

नट सोडताना पंप स्प्रिंगच्या जोराने बाहेर रेटत असेल तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून जराशी ढकला, म्हणजे पंपाचा लिव्हर दाबणाऱ्या कॅमचा उंचवटा सरकतो. पंप आणि इंजिनमधला जाड काळा स्पेसर आहे तसाच परत बसवा. तो उष्णता अडवतो, शिवाय लिव्हर किती दाबला जाणार हेही त्याच्याच जाडीवर ठरतं. खबरदारी म्हणून पॅकिंग दुप्पट लावलं तर स्ट्रोक, म्हणजे लिव्हरची हालचाल, कमी होतो आणि चढावर पेट्रोल कमी पडतं.

उघडण्याआधी पंपाच्या दोन्ही भागांवर, सांधा ओलांडून जाईल अशी खिळ्याने एक रेघ ओढा, नाहीतर जोडताना नळ्यांची तोंडं भलतीकडे जातात. आता मुख्य गोष्ट. नवा डायफ्राम बसवताना स्क्रू नुसते टेकवा, लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि तसाच धरून आवळा. सैल लिव्हरवर आवळला तर पडदा ताणलेला राहतो आणि काही महिन्यांत कडेने फाटतो. बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथंच फसतात.

पुसदवाला:
किट घेताना ई२० ला चालणारं आहे का, विचारून घ्या. आता पेट्रोल भरायच्या पंपांवर बहुतेक २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात जुन्या पद्धतीचं रबर फुगतं, मऊ पडतं. होसही त्याच हिशोबाने, जे३०आर९ हा पेट्रोल होसचा दर्जा लिहिलेली. सायकलच्या दुकानातली नळी नको. ब्लेडने काटकोनात कापा, वाकडं टोक क्लिपखाली झिरपतं. होस एक्झॉस्टपासून लांब बांधा. आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते.

ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, नुसतं जास्तीचं काढून भागत नाही. ते ऑइल नाल्यात किंवा वावरात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

सुरू करण्याआधी पंपाला हाताचा खटका असेल तर त्याने पेट्रोल चढवा. पाच मिनिटं चालवून पंपाखाली पांढरा कागद धरा. ५० किलोमीटरनंतर स्क्रू एकदा पुन्हा तपासा, नवं पॅकिंग बसतं तेव्हा ते सैल होतात. डिपस्टिक मात्र आठवडाभर रोज पाहा.